शेवटचं बोला

“साहेब आहेत का?” गोल्फच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्यांचा, जुना सेट विकायला काढला तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक फोन याच प्रश्नाने सुरू व्हायचा. सेट माझाच आहे, माझ्याशीच बोला, असं सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग दुसरा प्रश्न यायचा, “म्हणजे लेडीज सेट का?” लेडीज सेट नाही. मी उंच आहे, त्यामुळे सुरुवातीपासून पुरुषांच्या लांबीचे, रेग्युलर फ्लेक्सचे, म्हणजे मध्यम लवचिक, स्टीलचे शाफ्टच (दांडेच) वापरत आले. हे मी प्रत्येकाला न कंटाळता सांगत होते, कारण घेणाऱ्याला ते आधी कळायलाच हवं. फोनवरचं बोलणं फोन ठेवला की विसरून जायचे. पण एका रविवारी लिफ्टपाशी कानावर पडलेलं एक वाक्य मात्र मनातून जाईना.

नाशिकच्याच पाथर्डी फाट्याहून एक मुलगा आला होता. पंचविशीतला, अंबडला नोकरीला, नुकताच या खेळाच्या नादी लागलेला. सोबत त्याचे काका. गोल्फशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण घरात गाडी घ्यायची असो की प्लॉट, बोलणी करायला त्यांनाच पुढे करत असणार हे बसल्या बसल्या कळत होतं. हॉलमध्ये चटई अंथरून मी आयर्न मांडून ठेवले होते. चार नंबर ते नऊ नंबर आणि जवळच्या फटक्यांसाठीचा पिचिंग वेज, एकूण सात. नंबर वाढेल तसा चेंडू कमी लांब जातो. चहा होईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. पाच नंबरचा शाफ्ट गाडीच्या डिकीत वाकला होता म्हणून बदललाय. मेक तोच, पण लेबल नव्या छापाचं आहे, त्यामुळे इतर सहांच्या शेजारी ते वेगळं दिसतं. नऊ नंबर आणि वेज सगळ्यात जास्त वापरले गेलेत, त्यांच्या फेसवरच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या, खाचा बोटाला बोथट लागतात. आठ नंबरच्या तळाला दगडाचा टोचा आहे, तिथलं क्रोम गेलंय. ग्रिप मात्र सगळ्या नव्या आहेत. किंमत बावीस हजार.

“ताई, शेवटचं बोला,” काका म्हणाले. बावीस, मी म्हटलं. “ते झालं हो. शेवटचं?” मी परत तेच सांगितलं. आधी अठ्ठावीस सांगून मग बावीसवर यायचं हे मला जमत नाही आणि आवडतही नाही. मी हिशेब करून आकडा काढला होता आणि तो हिशेबही त्यांच्यासमोर मांडला होता. मुलगा सात नंबर हातात धरून उभा होता, खाली ठेवायला तयार नव्हता. काकांनी कप ठेवला, “विचार करून कळवतो” म्हणाले आणि दोघे निघाले. मी दार लोटत असताना लिफ्टपाशी काका पुतण्याला हलक्या आवाजात सांगत होते, “स्वतःच्या मालाचे एवढे दोष कोण सांगतं? मोठं काहीतरी झाकायचं असणार.”

हे मला लागलं. अजूनही लागतं.

माझी सगळी नोकरी सातपूरला फोर्जिंगच्या कारखान्यात गेली, क्वालिटी विभागात. दोष सांगणं हेच माझं काम होतं. पीस हातात घ्यायचा, गेज लावायचं, भिंग लावायचं आणि जे दिसेल ते कागदावर लिहायचं. लपवलेला दोष ग्राहकाकडे जाऊन फुटला तर अख्खी लॉट परत येते, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. दोष सांगितल्यामुळे कोणी संशय घेतो, हा अनुभव मला निवृत्तीनंतर स्वतःच्या हॉलमध्ये आला.

गोल्फकडे मी वळले तेही लोखंडामुळेच. कर्नलकाका आमच्या इमारतीत राहायचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. एकदा जिन्यात त्यांच्या बॅगेतून एक आयर्न घसरून माझ्या पायाशी आला आणि मी तो उचलला. हातात घेताच ओळखलं, हा फोर्ज केलेला पीस आहे. कास्टिंगच्या पृष्ठभागाला जो एक मठ्ठपणा असतो तो इथे नव्हता. गोल सळई बाराशे अंशांच्या आसपास तापवून डायमध्ये घणाखाली धरली की पोलाद साच्याचा आकार घेतं, कडेने जादा धातूची पातळ झालर बाहेर येते, ती छाटतात, मग घासायचं, खाचा पाडायच्या, वर निकेल आणि निकेलवर क्रोम. आमच्याकडे गाडीचे भाग याच वाटेने जायचे. कर्नलकाकांचे आयर्न मिझुनो कंपनीचे होते, जपानमध्ये हिरोशिमात फोर्ज झालेले. पोलादाचा ग्रेड १०२५, म्हणजे कार्बन पाव टक्का, मऊ. त्यांनी मला गच्चीवर नेऊन एक चेंडू मारायला दिला. कृत्रिम हिरवळीच्या तुकड्यावरून जाळीत. चेंडू फेसच्या बरोबर मध्यावर बसला की हाताला काहीच लागत नाही, आणि थोडा टोकाला बसला की मनगटापर्यंत झिणझिण्या. ज्या धातूची मी इतकी वर्षं मापं घेतली तो असं काही बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

नाशकात “मी गोल्फ खेळते” म्हटलं की समोरच्याला वाटतं मी गोल्फ क्लबवर फेऱ्या मारायला जाते. सकाळी तिथे अर्धं शहर चालत असतं, क्रिकेटची पोरं असतात, पोहे-चहाच्या गाड्या असतात, चेंडू आणि होल सोडून सगळं असतं. खरं मैदान देवळालीला, लष्कराच्या हद्दीत. मी तिथे कर्नलकाकांची पाहुणी म्हणून जायचे. पावसाळ्यानंतर तिथलं गवत आणि मागचे डोंगर बघत राहावेत असे. मार्च उजाडला की मात्र जमीन कडक होते, फेअरवे, म्हणजे मधली कापलेल्या गवताची पट्टी, सोडून चेंडू कडेला गेला की खाली मुरूम आणि काळा दगड. आपल्याकडचा वापरलेला आयर्न ओळखायचा तो इथे. तळाला बारीक चरे असतात, पुढच्या कडेला टोचे असतात. विलायतेहून आलेल्या जुन्या सेटचा तळ गुळगुळीत झिजलेला असतो, आपल्याकडचा खरवडलेला. जाहिरातीत “फार कमी वापरलेला” असं लिहिलेलं असलं तरी मी आधी आयर्न उलटा करून तळ बघते.

आणि मैदानावर कॅडी असतात, खेळणाऱ्याची बॅग वाहणारे. या खेळातल्या जुन्या सामानाचं खरं बाजारमूल्य कोणाला माहीत असेल तर यांना. साहेबलोक नवा सेट घेतात तेव्हा जुना कुठे जातो? थोडे पैसे घेऊन, कधी बक्षीस म्हणून, कॅडीकडे. त्याच्याकडून दुसऱ्या कॅडीकडे. एकाच्या हातात तीन नंबर, दुसऱ्याकडे सात आणि वेज, असे तुटक क्लब, म्हणजे सुट्या काठ्या, वर्षानुवर्षं फिरत असतात. भारतातल्या खेळाडूंची मोठी परंपरा याच क्लबांवर उभी राहिली. दिल्लीचा अली शेर कॅडी होता, त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ साली पुन्हा. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखायचे. मुलाने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली. जुन्या आयर्नच्या किमतीचा विषय मला एवढा जवळचा वाटतो त्याचं एक कारण हेही आहे. नवा चांगला सेट आज लाखाच्या घरात जातो. त्या रकमेत या खेळाचं दार बहुतेकांना बंदच आहे. ते जे काही उघडतं ते वापरलेल्या सेटने. त्यातही फसवणूक झाली तर माणूस दोन महिन्यांत खेळ सोडतो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

म्हणून भावाचा हिशेब मी मन लावून करते. आयर्न ही वस्तू तशी म्हातारी होत नाही. तिच्यात बॅटरी नाही, इंजिन नाही. कंपन्या दर एक-दोन वर्षांनी नवं मॉडेल आणतात आणि जुन्याचा भाव पडतो, पण आयर्न कपाटात होता तसाच असतो. नव्याचं सात नंबर वीस पावलं लांब जातं असं दुकानदार मारून दाखवतो. ते खरंच जातं, कारण आकडा सातचा ठेवून फेसचा कोन उभा केलेला असतो. माझ्या सेटमधलं सात नंबर ३४ अंशांचं आहे. नव्या, सोप्या म्हणवणाऱ्या सेटमध्ये ते २८ ते ३० अंशांचं मिळतं, म्हणजे माझं सहा किंवा पाच नंबरच. जुना सेट विकणाऱ्याने यासाठी भाव पाडून घ्यायचं काही कारण नाही, आणि घेणाऱ्यानेही जुन्या सेटला कमी लेखायचं कारण नाही.

झिजतं ते वेगळंच. खाचा झिजतात, आणि वेजच्या सगळ्यात आधी, कारण ते वाळूत आणि मातीत मारले जातात. ग्रिपचं रबर कडक होतं, काचेसारखं चकाकायला लागतं, मग हातात फिरतं. ग्रिप दिसायला किरकोळ वाटते पण चांगली ग्रिप हजाराच्या आसपास पडते आणि सेटला सात लागतात. पंधरा हजाराचा स्वस्त सेट घेतला आणि ग्रिप गेलेल्या असल्या तर तो बावीसचाच झाला. हे न सांगता विकणारा माणूस सात हजार रुपये खिशात घालतो असं मी मानते. शाफ्टला आतून गंज असतो, तो वरून दिसत नाही. ग्रिपच्या टोकाच्या भोकातून टॉर्च मारून बघावं, आणि डोकं खाली धरून हलवल्यावर खुळखुळ आवाज येतो का ऐकावं. शाफ्ट डोक्यात शिरतो तिथे काळी प्लास्टिकची रिंग असते, फेरूल. ती वर सरकलेली असेल तर आतला इपॉक्सी गोंद सुटत चाललाय किंवा कोणीतरी घाईने शाफ्ट बदललाय.

काही लोक लोहचुंबक घेऊन येतात, नकली ओळखायला. त्याचा फारसा उपयोग नाही. कार्बन स्टीलला चुंबक चिकटतो, क्लबांना वापरतात त्या कठीण स्टेनलेसलाही चिकटतो, आणि नकली करणाराही पोलादच वापरतो. त्यापेक्षा मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जास्त खरं बोलतो. चांगल्या सेटमध्ये प्रत्येक पुढचा नंबर अर्ध्या इंचाने आखूड होत जातो आणि डोकं साधारण सात ग्रॅमने जड होत जातं. चार ते नऊ ओळीने उभे केले तर ग्रिपची टोकं जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरायला हवीत. एखादी पायरी चुकली की तिथे कोणाचा तरी हात लागलाय. पिचिंग किंवा त्यापुढचे वेज स्पर्धेसाठी घेणार असाल तर आणखी एक बघायचं: १ जानेवारी २०१० नंतर बनवलेल्या, २५ अंशांपासून वरच्या क्लबांच्या खाचांच्या धारेला आणि आकाराला नियमाने मर्यादा घातली. त्याआधीच्या वेजच्या खाचा जास्त तीक्ष्ण, चेंडूला जास्त फिरकी देणाऱ्या. काही विकणारे त्या तीक्ष्णपणाचे जादा पैसे लावतात आणि नियमाचं बोलत नाहीत.

एवढं सगळं बघितलं की एक आकडा आपोआप पुढे येतो. माझा बावीसचा असाच आलेला.

लहानपणी सुट्टीत मामा लासलगावला कांद्याची ट्रॉली घेऊन निघाले की मी हट्टाने सोबत जायचे. ट्रॅक्टरच्या रांगा, धूळ, कांद्याच्या सालींचा तो झोंबरा वास, आणि लिलाव पुकारणाऱ्याच्या मागे ट्रॉलीमागून ट्रॉली सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका. व्यापारी वरचा कांदा कधीच घ्यायचा नाही. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळातली मूठ बाहेर काढायचा, एखादा दाबून बघायचा, मग आकडा. सगळे तोच ढीग बघत असायचे आणि बोली सगळ्यांच्या कानावर पडायची. पण भांडण व्हायचं ते नंतर, खळ्यावर. ट्रॉली खाली केली आणि तळाला गोल्टी निघाली की व्यापारी वांधा काढायचा, क्विंटलमागे कापायचा. मामा वर चांगला आणि खाली बारका असं कधी भरायचे नाहीत. एकदा तर त्यांनी लिलावाच्या आधीच सांगितलं, मागच्या भागात थोडा माल भिजलाय. बाजूच्या ट्रॉलीवाल्याने कपाळाला हात लावला. भाव शंभर-दीडशेने कमी पुकारला गेला. खळ्यावर मात्र व्यापाऱ्याने एक रुपया कापला नाही. येताना मामा गाणं गुणगुणत होते. मला त्या दिवशी वाटलं होतं की जगात असंच चालतं. काकांचं लिफ्टपाशी बोलणं ऐकल्यावर आठवलं की बाजूच्या ट्रॉलीवाल्यानेही तेव्हा मामांकडे तसंच बघितलं होतं.

खरं बोलण्याने दरवेळी भलं होतं असंही मला म्हणता येत नाही. देवळाली कॅम्पला एक बाई राहायच्या, त्यांचे यजमान जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती. घर आवरून त्यांना मुलीकडे बंगळुरूला जायचं होतं. कोणीतरी माझं नाव सांगितलं, म्हणून त्यांनी मला बॅग बघायला बोलावलं. कोठीच्या खोलीत, गाद्यांच्या मागे ती उभी होती. चेन उघडली तर आत तांबूस, काही ठिकाणी हिरवट डाग पडलेले आयर्न. “पितळेचे आहेत,” त्या म्हणाल्या, “भंगारवाला किलोवर घेतो म्हणाला. तुम्ही पाच हजार द्या नि घेऊन जा, बॅगेसकट.” मी एक बाहेर काढला आणि ओळखला. पिंग कंपनीचे आय टू, बेरिलियम कॉपरचे. पिंगचा संस्थापक कार्स्टन सोल्हाइम याने १९८२ साली आणलेलं हे डिझाइन. त्याच्या खाचांवरून अमेरिकेत एवढा वाद झाला की प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९० साली तडजोड झाली. त्यातले हे तांब्याच्या मिश्रधातूचे संग्राहक शोधत असतात. त्या बाईंनी ते चकचकीत करायला बफिंगवाल्याकडे द्यायचं ठरवलं होतं, ते मी आधी थांबवलं. बेरिलियमची धूळ फुप्फुसाला घातक असते, ते असं कुठेही घासायचं नसतं. मग बसून सांगितलं की हे पाच हजाराचे नाहीत. थांबायची तयारी असेल तर वीस-पंचवीसला जातील.

त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. त्या गप्प झाल्या. “मग तुम्ही घ्या ना त्या भावाला,” म्हणाल्या. मला ते खेळायला नको होते आणि संग्रह मी करत नाही. मी त्यांना फोटो काढून दिले, मजकूर लिहून दिला, किंमत टाकून दिली. फोन आले, लोक आले, नळाच्या तोटीला हात लावावा तसं आयर्नला हात लावून गेले. त्यांचं जाणं एकदा पुढे ढकललं गेलं, मग पुन्हा. कोठी रिकामी झाली पण बॅग तिथेच. ज्या संध्याकाळी त्यांना एका झटक्यात मोकळं व्हायचं होतं, त्या संध्याकाळी मी त्यांच्या गळ्यात एक किंमत बांधून आले होते. शेवटी त्यांनी सेट चौदाला कुणालातरी दिला, मला न विचारता, आणि निघून गेल्या. बंगळुरूहून फोन केला तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण त्या तीन महिन्यांत मला यांची फार आठवण आली, बॅग समोर होती ना.” या दोन वाक्यांची बेरीज मला आजवर करता आलेली नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी सांगणारच. मात्र आता आधी विचारेन, तुम्हाला थांबायला जमणार आहे का.

पाथर्डी फाट्याचा मुलगाही परत आला, पण माझा सेट घ्यायला नाही. त्याने दुसरीकडून घेतला होता. सांगितलेले चाळीस, घेतला एकतीसला, नऊ हजार कमी केले म्हणून काका खूश. मुलाचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. “आँटी, माझं सहा आणि सात नंबर सारखंच लांब जातंय. माझा स्विंग चुकतोय का? तुम्ही एकदा बघाल का?” मी बघितलं. ओळीने उभे केले आणि पायरी चुकलेली दिसली. सहा नंबर सातापेक्षा जेमतेम दोन सूत लांब, शाफ्ट दुसऱ्याच कंपनीचा, लेबल काढून टाकलेलं. नऊच्या ग्रिपखाली दोन थर टेप. मी त्याला जे दिसलं ते सांगितलं, स्विंग ठीक आहे हेही सांगितलं. तो बराच वेळ सहा नंबर हातात घेऊन बसला. मग म्हणाला, “त्यांनी एक पण दोष सांगितला नव्हता. म्हणून आम्हाला वाटलं माल चांगला आहे.”

त्या काकांचा मला राग आला होता, पण त्यांचं चुकलं असं ठामपणे म्हणवत नाही. ज्या बाजारात चाळीस सांगून एकतीसला देतात, तिथे आयुष्य घालवलेल्या माणसाला बावीसवर अडून बसलेली बाई गूढच वाटणार. घासाघीस हेच त्यांचं गेज आहे. विकणारा कितीला उतरतो यावरून ते मालाचा अंदाज घेतात, कारण माल ओळखण्याचं दुसरं साधन त्यांच्या हातात कोणी दिलेलंच नाही. मी दोष तोंडी सांगितले. त्यांच्या हातात आयर्न, मोजपट्टी आणि काटा दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती का, याचा मी खूप विचार केला. माहिती फक्त माझ्याकडे आणि विश्वास फक्त त्यांनी ठेवायचा, हाही काही बरोबरीचा व्यवहार नव्हे.

माझा सेट शेवटी ज्याने घेतला तो देवळालीच्या मैदानावरचा एक जुना कॅडी. आता तरुण मुलांना शिकवतो, स्वतः छोट्या स्पर्धा खेळतो. तो आला तो सकाळी लवकर, एकटा. चहा नको म्हणाला. खिशातून मोजपट्टी काढून त्याने प्रत्येक आयर्नची लांबी घेतली, फेसवर नखाने खाचा तपासल्या, पाच नंबर जमिनीवर टेकवून त्याचा तळ बसतो का ते वाकून बघितलं. मी दोष सांगायला सुरुवात केली तर हात वर केला. “मॅडम, मी बघून घेतो, मग तुम्ही सांगा. राहिलेलं असलं तर कळेल.” आठ नंबरचा टोचा त्याला दिसला, वेजही दिसला. पाचचा शाफ्ट त्याने लेबल न बघता, हलवून ओळखला.

मी म्हटलं, बावीस. तो म्हणाला, “बावीस बरोबर आहे. पण माझ्यासाठी नाही.” आणि त्याने कारणं सांगितली. त्याची उंची माझ्यापेक्षा कमी, त्यामुळे सातही आयर्नचा लाय, म्हणजे दांडा आणि तळ यांच्यातला कोन, दोन अंशांनी सपाट वाकवून घ्यावा लागणार. फोर्ज केलेले आहेत म्हणून वाकतील, पण यंत्र पुण्याला आहे; जायचं, यायचं, मजुरी. वेज स्पर्धेला चालणार नाही एवढा गेलाय, तो वेगळा घ्यावा लागेल. ग्रिप नव्या आहेत, त्याचे पैसे तो पूर्ण द्यायला तयार होता. “मी साडेअठरा म्हणतो,” तो म्हणाला. मी म्हटलं, वाकवण्याचा खर्च तुमच्या उंचीचा आहे, माझ्या आयर्नचा नाही. तो अर्धा-अर्धा करू. वेजचं मात्र तुमचं बरोबर. त्याने मनाशी बेरीज केली, मीही केली. साडेएकोणीसवर दोघांचा आकडा जुळला.

माझा बावीसचा हिशेब चुकीचा नव्हता. तो माझ्या चटईवर ठेवलेल्या आयर्नचा होता, हा त्याच्या हातात गेल्यावरच्या आयर्नचा. पंधरा हजार त्याने तिथेच दिले, साडेचार पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. मी ग्रिपची पावती शोधून दिली, कारण त्याने मागितली. बॅगेत आयर्न भरताना त्याने वेज बाजूला काढून विचारलं, हा मुलांना सरावाला दिला तर चालेल ना, वाळूत मारायला अजून कामाचा आहे.